चार वायरी एकदम

काकांची जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पावसाळ्यापासून मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन मधेच अडखळत होतं. काल रात्री अंधारात बॉनेट उघडलं तर प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या. म्हणजे करंट बाहेरच गळत होता. आज वायरींचा नवा सेट घेऊन गंगापूर रोडला काकांकडे.

"एकेक काढ, एकेक लाव रे," काका म्हणाले. मी शहाणा, चारही एकदम उपटल्या! फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२ पाठ होती, पण हिचा रोटर (एकेका वायरीला पाळीपाळीने करंट देणारा फिरता तुकडा) घड्याळाच्या उलट फिरतो हेच विसरलो. सेल्फ मारला आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या आजी पूजा सोडून गॅलरीत.

काकांनी काही न बोलता रोटरच्या झाकणावरच्या, म्हणजे कॅपवरच्या, दोन नि तीन नंबर सिलिंडरच्या वायरींची अदलाबदल केली. इंजिन लगेच एका सुरात.

मिसळीचं बिल अर्थातच माझ्याकडून वसूल झालं.