भंगारातलं मीटर आणि ४१५ व्होल्ट

माझं काम बेळगावात उद्यमबागला, मशिनांची पॅनेल, वेल्डिंग सेट, ड्राइव्हची कार्डं असलं रिपेअरचं. जुना ट्रान्सफॉर्मर लागला की भंगारवाल्या मामांच्याकडं चक्कर ठरलेली. त्या दिवशी एका स्टॅबिलायझरसाठी गेलो होतो तर तिथला पोरगा एका राखाडी पेटीवर हातोडा उगारून बसलेला, पेटीचं पुढचं झाकण निघालेलं आणि आत लाल काचेच्या चार नळ्या एका ओळीत उभ्या. मी तिथनंच ओरडलो, थांब रे मर्दा! मामा म्हणाले काय झालं बा, त्यात तांबं बी नाही, बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्या तेवढ्या वेगळ्या काढायच्यात. मी म्हटलं पट्ट्या तुम्ही ठेवा, बाकी मला किलोनं द्या. दिलं की त्यांनी.

त्या निक्सी ट्यूब, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या. अमेरिकेतल्या बरोज कंपनीनं १९५५ ला बाजारात आणलेल्या, आणि सत्तरच्या दशकात एलईडीचे आकडे आले तसा त्यांचा खेळ संपला. आत फिलामेंट वगैरे काही नसतं, ० ते ९ अशा आकाराच्या दहा पातळ तारा एकामागं एक उभ्या, पुढं बारीक जाळी, आणि भोवती निऑन वायू, त्यात किंचित पारा. जाळीला १७० व्होल्टच्या आसपास डीसी द्यायचं आणि ज्या आकड्याची तार ग्राउंडला लावाल त्या तारेभोवतीचा वायू नारिंगी पेटतो. काचेवरचं लाल कोटिंग बरेच जण थिनरनं पुसून टाकतात, नुसती काच जास्त छान दिसते म्हणे. मी पुसत नाही. आतल्या पाऱ्याचा निळसर उजेड त्या लाल रंगानं झाकला जातो, बनवणाऱ्यानं उगीच नाही लावलेलं ते.

दुकानात आणून आधी नळ्या काढल्या. पाय बोर्डाला सोल्डर केलेले, त्यामुळं एकेक भोक सोल्डर ओढायच्या पंपानं साफ करत बसलो, काचेपाशी पाय वाकवला की बारीक तडा जातो आणि हवा शिरली की नळी मेली. ७४१४१ नंबरच्या आयसीपण काढून घेतल्या, त्या फक्त असले आकडे चालवायला बनायच्या, आज शोधायला गेलं तर दमछाक होते.

मग १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा, व्होल्ट चढवणारा बूस्टर लावून, जाळीच्या वाटेत २२ किलोओहमचा रेझिस्टर टाकून एकेक पाय ग्राउंडला लावत गेलो. उजवीकडची नळी एकदम टकाटक, दहाही आकडे पूर्ण. तिच्या शेजारची पण. डावीकडून दुसरी लावली तर ०, १, २, ८, ९ चांगले आणि मधले ३ ते ७ तुटक तुटक, कुणाचं डोकं नाही कुणाचा पाय नाही. आणि सगळ्यात डावीकडची तर अजून वाईट, ० आणि ४ लख्ख, ३ बऱ्यापैकी, बाकी सगळे ठिपके ठिपके.

याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात, कॅथोड म्हणजे ही आकड्याची तार. जो आकडा पेटतो त्याच्या तारेचे कण उडत असतात आणि शेजारच्या न पेटलेल्या तारांवर जाऊन बसतात. पेटणारी तार आपोआप घासून स्वच्छ राहते आणि वर्षानुवर्षं न पेटलेली झाकली जाते. म्हणजे कुठला आकडा स्वच्छ आहे यावरून ते मीटर काय दाखवत होतं ते कळतं!

मी कागद घेऊन बसलो. पहिली नळी ३ किंवा ४. दुसरी ४ च्या सोबत ०, १, २ आणि ३ च्या सोबत ८, ९. म्हणजे साधारण ३८० ते ४२९. शेवटचे दोन आकडे सारखे बदलणारे म्हणून धडधाकट. आपल्याकडं ४१५ व्होल्ट म्हटलं की दुसरं काय असणार, थ्री फेज. हे मीटर आयुष्यभर थ्री फेज लाईनवर बसलेलं होतं आणि ० दाखवायचं ते फेज काढल्यावर. मला तर जाम मजा आली, बायको दोनदा हाक मारून गेली जेवायला तरी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मामांच्याकडनं माल कुठला ते विचारलं, एका बंद पडलेल्या पंपाच्या वर्कशॉपचा निघाला. तिथले जुने फोरमन काका अनगोळला राहतात म्हणून कळलं, नंबर घेऊन फोन लावला. काका, ते लाल आकड्यांचं मीटर मोटर टेस्टिंगच्या पॅनेलला होतं काय? ते म्हणाले, "होय की, पण तुला कुणी सांगितलं रे?" मी म्हटलं मीटरनंच सांगितलं, आणि व्होल्टेज पडत होतं ते पण सांगितलं. काका जे हसले! म्हणाले, "अरे संध्याकाळी ३९० च्या खाली यायचं, आम्ही टेस्टिंग सकाळीच उरकत होतो. मीटर मात्र दिवसभर चालूच, बंद करून परत लावलं तर गरम होईपर्यंत खोटं दाखवायचं ते."

त्याचं आता घड्याळ केलंय. दुसऱ्या नळीचे ०, १, २ चांगले, ती तासाच्या दहं स्थानाला फिट्ट बसली, तिथं दुसरा आकडा लागतच नाही. धडधाकट दोन एककाला. राहिली ४ वाली, ती मिनिटाच्या दहं स्थानाला घातली पण तिथं ० ते ५ सगळे लागतात, म्हणून रेझिस्टर कमी करून जरा जास्त करंटवर १, २ आणि ५ रात्र रात्र पेटत ठेवले, त्यानं वर बसलेला थर हळूहळू उडतो. १ आणि २ आले परत. ५ खालच्या बाजूनं अजून अर्धाच, त्यामुळं दर तासाची शेवटची दहा मिनिटं अंदाजानं वाचायची.

मामांना नेऊन दाखवलं तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "असलं आणि आलं तर ठेवतो तुझ्यासाठी. पण आता किलोनं नाही हं, नगावर."