डेथ व्हॅलीत आरव्ही: जनरेटर धडधडतोय पण आत लाईट नाही

भाड्याची आरव्ही (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) देताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हे बटण दाबा, जनरेटर सुरू झाला की एसी लावा, बास." तेवढ्यावर विसंबून आम्ही डेथ व्हॅली या कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी नॅशनल पार्कमध्ये गेलो. तुम्ही जाऊ नका. एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे तीन, बाहेर ९८ फॅरनहाइट म्हणजे ३६-३७ सेल्सिअस, आत त्याहून जास्त, पुण्याहून आलेली माझी ७२ वर्षांची आई सोफ्यावर ओला नॅपकिन डोक्यावर घेऊन बसलेली, आणि जनरेटर अगदी व्यवस्थित धडधडतोय पण एसी ढिम्म. अडीच तास गेले त्यात, आणि दुरुस्ती निघाली दहा सेकंदांची, म्हणून हे सगळं लिहितोय.

रूट साधा होता. वेगास, झायन नॅशनल पार्कला दोन रात्री, परत वेगासवरून पाहरम्प गाव, मग डेथ व्हॅली जंक्शनला १९० नंबरचा हायवे पकडून डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक. झायन मस्त झालं, तिथे जागेवरच विजेचं कनेक्शन होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पाहरम्पला टाकी फुल्ल कराच. एक तर पार्कच्या आत पेट्रोल फार महाग, आणि दुसरं म्हणजे या गाड्यांचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो आणि टाकी साधारण पाववर आली की बंद पडतो.

फर्नेस क्रीक कँपग्राउंडला हुकअपवाल्या (म्हणजे विजेचं कनेक्शन असलेल्या) जागा फक्त १८, त्या कधीच्या गेलेल्या. आम्हाला मिळालं सनसेट कँपग्राउंड, म्हणजे खडीचं मोठं मैदान, सावली शून्य. तिथे रात्री जनरेटर चालवता येत नाही आणि जवळच्या टेक्सस स्प्रिंग्ज कँपग्राउंडला तर दिवसासुद्धा नाही, बुकिंगच्या आधी हे वाचा. उकाडा सहन न होणाऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर सनसेट घेऊच नका, हुकअप मिळाला तरच जा.

आता मुद्द्याचं. आम्ही फसलो कारण आतले दिवे लागत होते, पाण्याचा पंप चालू होता, फ्रीज थंड होता. मला वाटलं लाईट आहे, एसीच बिघडला. पण दिवे आणि पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, फ्रीज प्रोपेनवर होता, त्यांना जनरेटर चालू असावा लागत नाही. १२० व्होल्ट लागतात ते एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरच्या सॉकेटना. त्यामुळे पहिलं बघायचं ते मायक्रोवेव्हचं घड्याळ. ते काळं असेल तर जनरेटरची वीज आत येतच नाहीये, एसीच्या मागे लागू नका. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बरोबर असेल तर तो सॉकेटला लावा, साधारण १२० दिसायला हवं, आमच्याकडे शून्य.

फोनला जेमतेम एक दांडी रेंज, त्यात गाडी देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला २५ मिनिटं होल्ड. तिथल्या बाईंनी बेडखालच्या पॅनेलमधला मेन ब्रेकर (घरातल्या एमसीबीसारखा) तीनदा खालीवर करायला लावला, बाथरूमजवळच्या सॉकेटचं रीसेटचं बटण दाबायला लावलं, आणि शेवटी म्हणाल्या जनरेटरचं वाइंडिंग (आतल्या तारांचं वेटोळं) गेलं असेल, गाडी वेगासला आणा. आदल्या दिवशी झायनला बाहेरच्या विजेवर हेच पॅनेल, हाच एसी रात्रभर चालला होता, म्हणजे आतलं सगळं ठीक होतं आणि दोष जनरेटरपासून पॅनेलपर्यंतच्या वाटेतच कुठेतरी असणार, हे मी दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं नाही.

शेवटी शेजारच्या गाडीतले एक रिटायर्ड आजोबा आले. त्यांनी काही न विचारता गाडीच्या बाहेरून जनरेटरचा पत्र्याचा दरवाजा उघडला आणि आत बोट दाखवलं. जनरेटरच्या अंगावरच एक वेगळा ब्रेकर असतो! काळी, बोटाच्या पेराएवढी दांडी, धुळीने माखलेली, आणि दिसायला चालूच वाटत होती, पण हात लावला तर सैल, मधल्यामध्ये अडकलेली. ट्रिप झालेला ब्रेकर असाच दिसतो, नुसता वर ढकलून बसत नाही, आधी पूर्ण खाली ऑफला दाबायचा, कट्ट असा आवाज येतो, मग वर. आजोबांनी तसं केलं आणि म्हणाले आता थांब. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज की जनरेटरची, हे आपोआप बदलणारा) मुद्दाम उशीर लावतो, इंजिन स्थिर होईपर्यंत वीज आत सोडत नाही. आमच्या गाडीत साधारण ४० सेकंद. त्याआधी मी दर वेळी १५-२० सेकंदच वाट बघत होतो. पॅनेलमागून टक्क झालं आणि आई आतून ओरडली, "अरे, मायक्रोवेव्हचं घड्याळ लागलं बघ!"

दुसऱ्या दिवशी एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि परत तेच. एसी एकटा १२ ते १५ अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह जवळजवळ तेवढेच, त्यात बॅटरीचा चार्जर. ४००० वॉटचा जनरेटर म्हणजे सगळे मिळून ३३ अँपिअर, आणि उन्हात तापलेला ब्रेकर एरवीपेक्षा लवकर उडतो. तेव्हा जनरेटर सुरू करताना एसी बंदच ठेवा, दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या, मग एसी, आणि जेवण गरम करायचं असेल तर तेवढा वेळ एसी बंद.

काही गाड्यांत ट्रान्सफर स्विच नसतोच. त्यात बाहेरच्या विजेची ती जाड केबल तिच्याच कप्प्यातल्या जनरेटरच्या सॉकेटमध्ये खोचावी लागते, नाहीतर जनरेटर दिवसभर चालला तरी आत काही येणार नाही. गाडी ताब्यात घेताना तो कप्पा उघडून बघा.

एवढं करूनही शून्यच असेल तर नाद सोडा. महिनोनमहिने पडून राहिलेल्या जनरेटरचं आतलं उरलेलं चुंबकत्व (ज्यावर वीज तयार व्हायला सुरुवात होते) जातं, किंवा ब्रश, रेग्युलेटर गेलेला असतो, ते काम खडीत बसून करायचं नाही, १२० व्होल्टचं बॉक्स उघडू नका. आणि जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याच्या अलार्मचं टेस्ट बटण रोज दाबा.

फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला ५६.७ सेल्सिअसची नोंद आहे आणि बऱ्याच कंपन्यांच्या करारात उन्हाळ्यात डेथ व्हॅलीला मनाईच असते, ती पाळा. झब्रिस्की पॉइंट या व्ह्यू पॉइंटला मात्र पहाटे जा.

आता पैसे, कारण माझा राग अजून गेलेला नाही. कंपनीने जनरेटरचे तासाला ५ डॉलर लावले, आणि तासांचं मीटर इंजिन फिरलं की पळतं, वीज आत येवो न येवो. आम्ही उकाड्यात बसून जे अडीच तास काढले ते बिलात आले. वर ७५ डॉलर "तपासणी". तपासणीचे भांडून परत घेतले, हेल्पलाइनच्या कॉलची वेळ दाखवल्यावर. तासांचे त्यांनी परत दिले नाहीत, कारण त्यांच्या कागदावरचा सुरुवातीचा आकडा मला मान्य नव्हता, पण निघताना मीटरचा फोटो काढला नव्हता. तुम्ही फोटो काढा, आणि गाडी तिथेच उभी असताना, त्या माणसासमोर, जनरेटर लावून मायक्रोवेव्हचं घड्याळ उजळेपर्यंत हलू नका.