ध्वनिक्षेपकांची संख्या: निरंक

उघड्यावर हलगी वाजवायच्या परवानगीसाठी भरलेल्या अर्जातला सातवा रकाना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे लिहायला बसले. 'ध्वनिक्षेपकांची संख्या व क्षमता' असं त्या रकान्यावर छापलेलं होतं. आमच्याकडे ध्वनिक्षेपक नव्हताच. चार हलग्या, एक संबळ, एक ढोलकी आणि टाळांचे पाच-सहा जोड, एवढाच आमचा संसार. पण त्या एका रकान्यापायी आमचे सात रविवार वाया गेले.

मी पिग्मी एजंट आहे. बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरून रोजचे पैसे गोळा करते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हलगीला कधी हात लावला नव्हता. आमच्या घरात कुणीच लावला नव्हता. गावात हलगी वाजवणं हे एका समाजाच्या माथी मारलेलं काम होतं. लग्न असो, दवंडी असो, मयत असो, त्यांनी वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आमचे वस्ताद त्याच घरातले. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते माझ्याकडे रोज 50 रुपये भरतात. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत ते वाजवत होते आणि मी पालखीच्या वाटेवर उभी राहून नुसती बघत होते. त्यांनी हातातली काडी माझ्यापुढे धरली. म्हणाले, "ताई, बघून कुठं येतंय व्हय?"

तिथून सुरुवात झाली. आठवडी बाजाराचे दगडी ओटे रविवारी रिकामे असतात. आधी आम्ही तिघंच जमायचो, नंतर पंधरा-सोळा जण झालो. मार्केट यार्डातले दोन हमाल, एका दवाखान्यातला कंपाउंडर, दोन शिक्षिका, कॉलेजची पोरं. ढोलकीला एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. त्यांनी तरुणपणी अंबाजोगाईला पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज समोर बसून ऐकलेला. तेव्हापासून तालाचं वेड. नवीन माणसाच्या हाती वस्ताद पहिल्या दिवशी हलगी देत नाहीत. आधी टाळ्या, मग टाळ. धुमाळीच्या आठ मात्रा अंगात मुरल्या की मग काडी. कुणी चुकलं तर थांबायचं नाही, पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळायचं. पंधरा जणांची थाप समेला एकदम पडते तेव्हा अनवाणी तळपायाला ओट्याचा दगड जाणवतो. हे सुख मला 44व्या वर्षी मिळालं. ते कुणी काढून घेऊ नये, एवढंच वाटायचं.

आषाढात कुणीतरी तक्रार केली. पोलीस ठाण्याचे बीट अंमलदार आले, नीट बोलले. "परवानगी काढा आणि मग खुशाल वाजवा," म्हणाले. तक्रार करणाऱ्यावर माझा राग नाही. ओट्यांच्या पूर्वेच्या घरात आजारी माणूस होता, आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. आम्ही पश्चिमेच्या टोकाला सरकलो. तुम्हीही जागा धरण्याआधी आजूबाजूच्या चार घरी जाऊन या. नगरपरिषदेची जागेबद्दलची ना-हरकत एका दिवसात मिळाली.

अडलं ते पुढच्या खिडकीवर. ते कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, पण त्या खिडकीपुढचा लाकडी बाक मला पाठ झालाय. वाद्य वाजवण्याचा वेगळा अर्ज तिथे नव्हता, होता तो ध्वनिक्षेपक परवान्याचा. पहिल्या खेपेला सातवा रकाना मोकळा ठेवला. "अपूर्ण अर्ज घेत नाही." दुसऱ्या खेपेला 'नाही' असं लिहिलं. "ध्वनिक्षेपक नाही तर अर्ज कशाला करता?" मग तसं लिहून द्या, म्हटलं. ते लिहून देईनात. उलट भिंतीवर डकवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951च्या कलम 37चा मनाई आदेश होता तो. मी उभ्या उभ्या पूर्ण वाचला. सार्वजनिक जागी घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, सगळं त्यात आलं होतं आणि खाली 'पूर्वपरवानगी घेतलेले कार्यक्रम वगळून' अशी ओळही होती. म्हणजे परवानगी हवीच, आणि ती मागण्याचा अर्ज घ्यायला मात्र कुणी तयार नाही.

तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. चौथ्या खेपेला मला सल्ला मिळाला: "ताई, एक स्पीकर लिहून टाका, मंडपवाल्याची पावती जोडा, काम होऊन जाईल." त्या दिवशी मी खरंच चिडले. आमचा सगळा आनंद याच्यात आहे की माणसाच्या हातातून निघतो तेवढाच आवाज, त्याला वायर नाही. जे नाही ते खोटं लिहून का द्यायचं? वस्ताद शेजारीच होते. इतकंच म्हणाले, "लिहू नका. आपण येत राहू."

आणि आम्ही येत राहिलो. मी दुपारची वसुली अर्धी टाकून यायची, ते दुकान पोरावर सोडून. एकदा दोन तास बसलो होतो. कंडक्टरकाकांनी गुडघ्यावर बोटं धरली, वस्तादांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर. अगदी हळू. बाकावर जमिनीच्या कामासाठी आलेली एक म्हातारी होती, तिने हातातल्या किल्लीने बाकाच्या कडेवर टिपका धरला, बरोब्बर समेवर. कुणी काही बोललं नाही. मला मात्र त्या दिवशी हातात कागद न येताही रिकाम्या हाती परतल्यासारखं वाटलं नाही.

सहाव्या खेपेला कळलं की आधी ठेवून घेतलेला अर्ज सापडत नाही. चूक माझी, मी पोच घेतली नव्हती. अर्ज थेट टेबलावर देऊ नका. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाला पोच द्यावी लागते, नाकारला तर कारण लेखी कळवावं लागतं आणि 30 दिवसांत अपील करता येतं. कारण नसताना टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. हे मला आधी माहीत असतं तर चार खेपा वाचल्या असत्या.

गाठ सोडवली ती बारनिशीतल्या मॅडमनी. माझा अर्ज वाचला, पेन उचललं आणि म्हणाल्या, "सातव्यात 'निरंक' लिहा, म्हणजे शून्य. मोकळं ठेवू नका, 'नाही' लिहू नका." त्या एका शब्दावर शिक्का बसला. पाच दिवसांत परवानगी हातात: दर रविवारी संध्याकाळी 5 ते 7, ध्वनिक्षेपकाशिवाय, तीन महिन्यांसाठी. माझे डोळे भरून आले होते, हे लिहायला मला संकोच नाही.

आठवेल तसं सांगते. आमची नोंदणीकृत संस्था नाही, तो रकाना पाच जणांच्या सह्या आणि आधारच्या प्रतींवर भागला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' मध्ये आम्ही 'एकत्र बसून पारंपरिक वाद्ये वाजवणे' असं लिहिलं. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचं किमान 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून सरकारला जाहीर करता येतं. आम्ही गवंड्याकडचा टेप आणून अंतर मोजलं आणि आकडा अर्जातच टाकला. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाद्यांनाही बंदी आहे, हेही पोरांना सांगून ठेवा.

सात आठवडे हलगी खुंटीला होती, तीही पावसाळ्यात. पहिल्या रविवारी काढली तर 'भद् भद्' वाजली. वस्तादांनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ केला. चामडं जाळाला टेकू न देता वरून फिरवत राहिले, मधूनमधून बोटाने टिचकी. आवाज हळूहळू वर चढत गेला आणि एका टिचकीला 'टण्ण' असं उत्तर आलं. तिथेच हात मागे घेतला, पुढे गेलं तर चामडं तडकतं. मग हलगी माझ्या खांद्यात अडकवली. कडं अजून गरम होतं.

मार्गशीर्षात मुदत संपली. नवा अर्ज मी भरला, सातव्या रकान्यात पहिल्या फटक्यात 'निरंक'. त्या वेळी मंजुरीला चार दिवस लागले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून दोन हलग्या वाढल्या आहेत, पण माणसं त्याहून जास्त वाढलीत. येणार असाल तर काडी आमच्याकडे मिळेल, ढगाळ हवा असली तर पऱ्हाट्या तेवढ्या घेऊन या.