अप्पर लिम्ब डोक्यात कसा बसला: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आमची अ‍ॅनाटॉमी अप्पर लिम्बपासून, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हातापासून, सुरू झाली. बऱ्याच कॉलेजांत तसंच असतं. सीनियर्सकडून घेतलेला बोन सेट, नवीकोरी फोर्सेप्स आणि डोळ्यांना झोंबणारं फॉर्मॅलिन. एका हातात ३२ हाडं, दोन्ही मिळून ६४. त्यावर प्रत्येक स्नायूचं ओरिजिन (कुठून सुरू होतो), इन्सर्शन (कुठे चिकटतो), नर्व्ह सप्लाय (कोणता मज्जातंतू त्याला चालवतो), अ‍ॅक्शन. हॉस्टेलच्या भिंती तक्त्यांनी भरल्या होत्या, पण रात्री पाठ केलेलं दोन-तीन दिवसांत पुसलं जायचं. ज्यांचं अप्पर लिम्ब सध्या चालू आहे त्यांच्यासाठी, हे सगळं शेवटी कसं टिकलं ते लिहितेय.

हाडांच्या बाबतीत आमच्या मॅडमची एक सवय फार उपयोगी पडली. क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, हातात देऊन त्या विचारायच्या, "उजवं की डावं? आणि आता तुझ्या स्वतःच्या अंगावर दाखव." क्लॅव्हिकल पूर्ण लांबीभर त्वचेखाली बोटाला लागतं. आतल्या टोकापासून बोट फिरवत खांद्याकडे गेलं की आधी पुढे आलेला बाक लागतो आणि मग तो मागे वळतो. जिथे हा बाक बदलतो, म्हणजे मधला आणि बाहेरचा एक-तृतीयांश भाग जिथे जुळतात, तिथेच हे हाड बहुतेक वेळा मोडतं. हाताचं ओझं धडाकडे याच हाडातून जातं, त्यामुळे ते मोडलेला पेशंट दुसऱ्या हाताने आपला हात तोलून धरून येतो. एवढं एकदा बोटांना कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

डिसेक्शनच्या पहिल्या दिवशी आम्ही कॅडेव्हरिक ओथ, म्हणजे दान केलेल्या देहाचा मान राखण्याची शपथ, घेतली. आमच्या टेबलावर एका आजोबांचा देह होता. त्यांनी हयातीतच देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, आणि त्यांच्याइतकं त्या वर्षी मला कुणी शिकवलं नाही.

खरी परीक्षा होती ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून काखेमार्गे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं. कागदावर तो छान दिसतो: सी-५ ते टी-१ (मानेच्या खालच्या आणि छातीच्या वरच्या मणक्यांपाशी निघणारी) अशी पाच रूट्स, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मुख्य नर्व्ह. वहीत आर्टरी (धमनी) लाल, व्हेन (शीर) निळी, नर्व्ह पिवळी. काखेत मात्र सगळं एकाच मातकट रंगाचं असतं, चरबीत आणि लिम्फ नोड्समध्ये गुंतलेलं. पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर हे छातीचे स्नायू बाजूला उलटवल्यावर आम्ही नुसते बघत राहिलो. सरांनी स्काल्पेल खाली ठेवायला लावलं. फोर्सेप्सने चिमटीचिमटीने चरबी काढायची, कापायचं काहीच नाही. मग म्हणाले, "कोराकोब्रेकियालिस (दंडाच्या वरच्या भागातला स्नायू) शोधा. त्याच्या आरपार जाते ती मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह. तिथून उलटं वर चला."

हा सल्ला सोन्यासारखा निघाला. मस्क्युलोक्युटेनियस धरून वर गेलं की लॅटरल कॉर्ड मिळते. त्या कॉर्डचा दुसरा फाटा खाली येऊन मीडियल कॉर्डच्या फाट्याला अ‍ॅक्झिलरी आर्टरीच्या पुढ्यात भेटतो आणि मीडियन नर्व्ह तयार होते. मीडियल कॉर्डचं उरलेलं टोक म्हणजे अल्नर. आर्टरीवर इंग्रजी एम अक्षर स्पष्ट दिसलं तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्यांच्याच तोंडून आवाज निघाला. आर्टरी थोडी उचलली की मागे पोस्टीरियर कॉर्ड, तिची जाडजूड रेडियल आणि ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मानेभोवती वळणारी अ‍ॅक्झिलरी. लॅटरल, मीडियल, पोस्टीरियर ही नावं आर्टरीच्या संदर्भाने का दिली आहेत, ते मग कुणाला सांगावं लागलं नाही.

यानंतर मी तक्ते बंद केले आणि प्रत्येक नर्व्हला एकच प्रश्न विचारायला लागले: ही तुटली तर माणसाला काय करता येणार नाही? ह्यूमरस मधोमध मोडलं तर स्पायरल ग्रूव्हमधली (हाडावरच्या तिरप्या खाचेतली) रेडियल दुखावते आणि मनगट लटकतं. लाँग थोरॅसिक गेली तर सेरॅटस अँटीरियर (खांद्याचं पातं छातीला धरून ठेवणारा स्नायू) लुळा पडतो आणि भिंतीला हात टेकून ढकलताना खांद्याचं पातं मागे उचललं जातं. या प्रश्नाने नर्व्ह सप्लाय आणि अ‍ॅक्शन आपोआप जोडले गेले. रूममेट आणि मी झोपण्याआधी एकमेकींना नुसती हालचाल करून दाखवायचो, समोरचीने स्नायू आणि नर्व्ह सांगायची.

फोरआर्मचा (कोपर ते मनगट) पुढचा भाग त्यामानाने लवकर झाला. मागचे एक्स्टेन्सर (मनगट आणि बोटं सरळ करणारे स्नायू) मात्र अजूनही मला रुक्ष वाटतात. त्यांच्या टेंडनचे, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांचे, मनगटावरचे सहा कंपार्टमेंट क्रमाने लिहून काढण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या आजोबांच्या डाव्या हातात पाल्मॅरिस लाँगस हा बारीक स्नायू होता, उजव्यात नव्हताच. काही माणसांत तो मुळातच नसतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवलं की मधोमध त्याचा टेंडन उठून दिसतो. त्या दिवशी सगळा हॉल स्वतःची मनगटं तपासत होता.

हाताच्या पंज्याबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्लेक्सर रेटिनॅक्युलम (मनगटावरचा आडवा पट्टा) उघडल्यावर त्याखालच्या कार्पल टनेलमधून बोटांकडे जाणारे नऊ टेंडन आणि मीडियन नर्व्ह एवढ्याशा जागेत दाटीने बसलेले दिसले. मग आम्ही एका बोटापर्यंत गेलो. वरचा टेंडन, सुपरफिशियालिसचा, बोटाच्या पहिल्या पेराशी दुभंगतो आणि त्या फटीतून खालचा प्रोफंडस सुईच्या नाकातून दोरा ओवावा तसा पुढे शेवटच्या पेराला जातो. सरांनी फोरआर्ममध्ये प्रोफंडसचा टेंडन चिमटीत धरून हळूच ओढला आणि बोटाचं टोक वाकलं. आपलं बोट हलवणारा स्नायू बोटात नसून कोपराखाली आहे, हे मी वाचलेलं होतं. ते डोळ्यांनी बघणं वेगळंच.

पार्ट कम्प्लीशनच्या, म्हणजे अप्पर लिम्ब संपल्यावरच्या, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) मला विचारलं, "अल्नर नर्व्ह मनगटाशी तुटली तर क्लॉ हँड (नखांसारखी वाकलेली बोटं) जास्त दिसतो की कोपराशी तुटली तर?" मी माझी अनामिका आणि करंगळी समोर धरली. मनगटाशी तुटली तर या दोन बोटांचे लुम्ब्रिकल (पेरं सरळ ठेवणारे पंज्यातले छोटे स्नायू) जातात, पण प्रोफंडस शाबूत राहतो आणि पेरं ओढून वाकवतो. कोपराशी तुटली तर प्रोफंडसचा तो अर्धा भागही लुळा पडतो, ओढायला कुणी उरत नाही. म्हणजे इजा वर असेल तर पंजा कमी वाकडा. बोटांकडे बघत बघत मी हे मोठ्याने सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि पुढचं, मनगटातलं छोटं हाड सरकवलं: स्कॅफॉइड, उजवं की डावं?