चौसष्टावा हिस्सा

नागपुरात खेळण्यातली मोटार रंगवायचा मुहूर्त हिवाळ्यातच निघतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की स्प्रेच्या डब्यातून सुटलेला फवारा गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि टपावर बसते ती नुसती खरखरीत भुकटी. गच्ची सोडून घरात बसून मारू म्हटलं तर कूलर सुरू असतो. कूलर म्हणजे ओल, वारा आणि वाळ्याच्या ताटीतून सुटलेलं एखादं कुसळ. सगळी खोली मोकळी असली तरी ते उतरणार बोनेटवरच. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी. थिनर झपाट्याने उडताना खालचा धातू गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि चकचकीत यायला हवा तो रंग धुरकट, पांढुरका होऊन बसतो. तेव्हा दिवाळी उरकली, सकाळी अंगात स्वेटर आला, की मग डबे बाहेर काढायचे.

मोटार म्हणजे डाय-कास्ट बरं का, प्लास्टिकची नव्हे. हातात घेतली की वजन कळतं. जस्तात चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम, शिवाय किंचित मॅग्नेशियम आणि तांबं घालून केलेला झमॅक नावाचा मिश्रधातू वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडतात. चारशे अंशांच्या आतच तो वितळत असल्यामुळे साचा भराभर झिजत नाही आणि एकातून ढिगाने गाड्या निघतात. या गाड्या इतक्या लहान का, याचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं नेता यायचं. बापाने तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला, आणि १९५३ साली मॅचबॉक्स गाड्या बाजारात आल्या. नियम करणाऱ्या त्या शाळेला कुणी रॉयल्टी दिल्याचं ऐकिवात नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेलने हॉट व्हील्स काढल्या आणि जगभरच्या पोरांच्या चड्डीचे खिसे फाटायला आणखी एक कारण मिळालं.

माझ्याकडची मर्सिडीज लाल होती. होती असंच म्हणायचं, कारण टप, चारही कोपरे आणि बोनेटचं टोक इथला लाल रंग प्रतापनगरच्या ओट्यावर, अंगणातल्या मातीत आणि शेजाऱ्यांच्या जिन्यावर कधीच वाटून झाला होता.

अशी गाडी उलटी केली की पोटाला दोन गोल रिव्हेट दिसतात. कंपनीच्या बाजूने तो शेवटचा शब्द: आता उघडायचं नाही. आणि माझ्यासारख्यांचे हात शिवशिवतात ते नेमके तिथेच. रिव्हेटच्या मधोमध खिळ्याने खोच पाडायची, म्हणजे ड्रिलचं बिट घसरत नाही. मग सावकाश, थांबत थांबत भोक पाडायचं. जस्ताचा कीस पांढरट, चमचमता, वेटोळी होऊन बिटावर चढत जातो. एका क्षणी रिव्हेटचं डोकं बांगडीसारखं सुटून बिटाभोवती फिरायला लागतं. तेवढ्यावर हात उचलायचा. आणखी खोल गेलात तर ज्या खांबावर पुढे स्क्रू बसायचा तोच जातो. तळ निघाला की आतून चार चिजा हातात येतात: बाहेरचं धातूचं कवच, सगळ्या काचांचा मिळून एकच प्लास्टिकचा तुकडा, सीटांचा एक तुकडा आणि चाकांच्या दोन तारा. एवढ्यावर आपण लहानपणी ‘दार उघडतंय’, ‘काच खाली होतेय’ असं काय काय बोलायचो!

जुना रंग घालवायला पेंट रिमूव्हर. तो कवचालाच लावायचा, काचांच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही, कारण प्लास्टिकला तो खातो. आपल्यालाही तो चांगला नाही, म्हणून हातमोजे घालायचे आणि काम उघड्यावर करायचं. थोड्या वेळात रंग सुरकुततो, फुगतो आणि ब्रशच्या एका फटकाऱ्यात चिंधीसारखा निघून येतो. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण तो जस्तालाही सोडत नाही, फार वेळ ठेवलं तर गाडीची धार जाते. मग साबण, जुना टूथब्रश, भरपूर पाणी.

धुऊन पुसून हातात आलेलं ते करडं कवच मला रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त आवडतं. काही लपलेलं राहत नाही. साच्याचे दोन भाग जिथे भेटले तिथे बंपरपासून दिव्यापर्यंत गेलेली एक बारीक उंच रेघ असते. कारखान्याने ती तशीच ठेवून वर रंग मारलेला असतो. दाराची मूठ म्हणजे नखाला जेमतेम लागणारा उंचवटा. आणि ही मूठ, ही फट, हे सगळं कुणीतरी साच्यात कोरलं होतं, उघडणार नाही हे माहीत असताना.

पुढची गोष्ट प्रायमर. जस्तावर रंग धरत नाही. साधा ऑइल पेंट थेट लावला तर तेल आणि जस्त यांची आपसात रासायनिक खटपट सुरू होते, मधल्या मधे साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांनी रंगाची सालं निघतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘मेटलसाठी’ म्हटलं की रेड ऑक्साइडचा डबा पुढे येतो. तो लोखंडाचा सोबती, गेटाला ठीक. इथे एच (etch) प्रायमर हवा, धातूला किंचित चरून घट्ट बसणारा.

रंगासाठी मात्र मी गाड्यांचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जातो. तिथे कोड सांगितला की हवी ती छटा मिळते. दुकानदाराने नेहमीच्या घाईत विचारलं, “भाऊ, गाडी कोणती?”

“मर्सिडीज.”

तो खुर्चीवरून जरा सरळ झाला. “पूर्ण माराची का फक्त दरवाजा?”

“पूर्ण.”

“मंग चार लिटर पकडा. हार्डनर वेगळं. गाडी कुठं आहे?”

मी खिशातून काढून काउंटरवर ठेवली. मागे थिनर मोजणारा पोरगा आधी हसला. दुकानदार नाही हसला. त्याने ती उचलली, उजेडात धरली, दिव्याजवळची रेघ अंगठ्याने तपासली आणि म्हणाला, “ही घासून घ्या अजून. नाहीतर रंगात दिसन.” पन्नास मिली त्याने मोजून दिला आणि रंग कडक करणाऱ्या हार्डनरच्या भानगडीत पडू नका, एवढ्याला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, पुरे, असंही सांगितलं. धंद्यातल्या माणसाला माप लहान आहे की मोठं याने फरक पडत नाही, एवढं मी त्या दिवशी पाहिलं.

मापाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो, कारण या छंदाची सगळी गोम तिथे आहे. ही गाडी साधारण एकास चौसष्ट. म्हणजे खरी गाडी चौसष्ट पट. गाडी लहान करता येते, रंग लहान करता येत नाही. खऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरचा दहावा भाग भरतो. तेवढाच थर या पिटुकलीवर दिला तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो साडेसहा मिलिमीटरच्या आसपास जातो! दाराची फट बुजली, मूठ बुडाली, जाळी सपाट. मेटॅलिक रंगाचं त्याहून गमतीचं. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची चकती पंचवीस-तीस मायक्रॉनची धरली तर या मापात ती मोहरीएवढी होते. मोहऱ्या पेरलेली मर्सिडीज कुणी पाहिली आहे का? म्हणून मेटॅलिक नको, आणि रंग पातळ करून, वीतभर अंतरावरून, हात न थांबवता, उडते थर द्यायचे. पहिल्या थरात खालचं प्रायमर दिसतंच. दिसू द्यावं. माणसाचा धीर सुटतो तो इथेच.

या छंदातली कडवी मंडळी हे सगळं ऐकून कानावर हात ठेवतात. मूळ रंग गेला की किंमत गेली, हा त्यांचा सिद्धान्त. खोक्यातून काढलेली गाडी त्यांच्या लेखी अर्धी मेलेली, रंग बदललेली तर पुरतीच. एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. पहिल्या हॉट व्हील्सवर घासून चकाकवलेल्या धातूवर पारदर्शक रंग दिलेला असे. तशी गाडी हाती लागली तर मी तिला ड्रिल दाखवणारसुद्धा नाही. बाकी, ज्या गाडीचा अर्धा रंग कुण्या पोराने खेळून उडवला, तिचा उरलेला अर्धा जपून ठेवायचा हे मला काही पटत नाही.

पटणार कसं? आम्ही तान्ह्या पोळ्याच्या गावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी-पिवळी मारबत, म्हणजे त्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते त्याच दिवशी, पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आमच्या घरचा बैल आजोबांच्या लहानपणचा. पोळा तोंडावर आला की त्याच्यावर ऑइल पेंटचा एक हात फिरायचाच. पांढरा, एखाद्या वर्षी घरातलं दार रंगवून उरला म्हणून निळा. एकदा पडला आणि शेपटीपाशी टवका उडाला, तेव्हा पांढऱ्याखाली निळा, त्याखाली पिवळा, खाली पुन्हा पांढरा आणि तळाशी गेरू असे सगळे पदर उघडे पडले. इतक्या रंगाने त्याचे डोळे बुजत आले होते आणि नाकाची धार कधीच गेली होती. मापाचं गणित त्यालाही चुकलं नाही. पण ओरिजिनल रंग कोणता, असं आमच्याकडे कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की औंदा शिंगांना सोनेरी लावायचा की लाल.

मर्सिडीजला कोणता, यावर मात्र सगळ्यांनी मत दिलं. नागपूरची म्हणून नारिंगी, हे तर ठरलेलंच. बाहेरगावचे पाहुणे हे सुचवतात तेव्हा मी समजू शकतो, पण आपल्याच माणसांनी? आंबिया बहाराचं संत्रं बऱ्याचदा हिरवट-पिवळ्या सालीतच गोड झालेलं असतं. खरा नागपुरी रंग द्यायचा तर तो द्यावा लागेल, आणि त्या रंगाची मोटार म्हणजे थेट टॅक्सीच वाटणार.

मी पांढरा घेतला. थोडा दुधाळ, सरकारी पांढरा. डिसेंबरात अधिवेशन भरलं की मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या बाजूला पूर्वी पांढऱ्या अंबॅसिडर रांगेने उभ्या असायच्या, डोक्यावर लाल दिवा, मागच्या काचेला पडदा. आम्ही पोरं सायकली टेकवून मोजायचो. २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात अंबॅसिडर बनायची थांबली, १ मे २०१७ पासून लाल दिवे उतरले. आता सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात आणि मंत्री ओळखायचा तर पोलिसांच्या धावपळीवरून. मोजायला तेव्हा मजा यायची, एवढंच माझं म्हणणं. दिवे गेले ते बरंच झालं.

पांढरा रंग मारायला सर्वांत खोडसाळ. लालाचा अंश कुठे सांदीत राहिला असेल तर तो थिनरमध्ये सुटून वर येतो आणि गाडी गुलाबी पडते. शिवाय पांढरा लवकर झाकत नाही, जास्त थर मागतो, आणि जास्त थर म्हणजे पुन्हा ते साडेसहा मिलिमीटर. या कैचीतून सुटायला खालचं प्रायमरच पांढरं घेतलं. बंपरला चंदेरी हवा होता, तो ताईच्या नेलपॉलिशमधून मिळाला. नेलपॉलिश आणि गॅरेजमधला एनसी रंग दोघंही नायट्रोसेल्युलोजच्या घरचे, त्यामुळे जमून गेलं. टूथपिकचं टोक बुडवायचं, कागदावर एकदा टेकवायचं आणि मग दिव्यावर. थेंब आपला आपण गोल होतो.

बाटली परत न्यायला ताईची मुलगी आली ती गाडीपाशीच बसली. “मामा, स्टिअरिंग चुकीच्या बाजूला आहे.” बरोबर होतं, परदेशी साचा. “ड्रायव्हर कुठाय?” जेवायला गेला. “मग वर लाल दिवा लाव ना.” तिने शिवणाच्या डब्यातून लाल डोक्याची टाचणीही आणली होती. मी कायदा सांगितला. टाचणी परत डब्यात गेली, पण तोंडावरची नाराजी तशीच राहिली, म्हणून नंबर प्लेटचं खातं तिच्याकडे दिलं.

खरी प्लेट पाचशे बाय एकशेवीस मिलिमीटरची. या मापात आठ बाय दोनसुद्धा भरत नाही, अक्षरं मिलिमीटरभर उंच. कॉम्प्युटरवर लिहून स्टिकरच्या कागदावर प्रिंट काढलं आणि ब्लेडने कापलं, इथपर्यंत एकमत होतं. नंबरावर बिनसलं. मी प्रतापनगरचा, माझं एमएच ३१. ती नंदनवनची, तिच्या पप्पांच्या गाडीवर एमएच ४९.

“गाडी माझ्या घरी आहे,” मी म्हटलं.

“पण नेणार मी आहे,” ती म्हणाली. हे मला नवीनच होतं.

शेवटी पुढे एमएच ३१ लागलं आणि मागे एमएच ४९. ताईने गाडी हातात घेऊन दोन्हीकडून पाहिली आणि एवढंच विचारलं, की चालान फाटलं तर ते कुणाच्या घरी येणार?