तिरकी क्विल्ट आणि कडेचे ते त्रिकोण

ब्लॉक (क्विल्टचे शिवलेले चौकोन) तिरके मांडायचे म्हटलं की चौकोन शिवेपर्यंत सगळं मजेत चालतं, आणि कडेच्या रिकाम्या जागा भरणारे त्रिकोण आले की भले भले क्विल्ट गुंडाळून कपाटात टाकतात. गणिताची भीती म्हणे. अहो गणित शाळेतलंच आहे, कर्ण म्हणजे बाजू गुणिले १.४१४, खरी गोम आहे ती धाग्यात.

उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं, कापड ताणलं जातं हे ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी लावणारीला वेगळं सांगायला नको, गळ्याला ते हवंच असतं पण क्विल्टच्या बाहेरच्या कडेला उरेब आलं की कड झालरीसारखी लहरते आणि मग कितीही इस्त्री मारा, बसत नाही. म्हणून त्रिकोणाची जी बाजू बाहेर येणार ती सरळ धाग्यावरच हवी. कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू बाहेर येते, तर मोठा चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर कापा, चार त्रिकोण निघतील. कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या दोन्ही आखूड बाजू बाहेर, तिथे छोटा चौकोन एकाच कर्णावर, त्याचे दोन. कापड वाचवायला याची अदलाबदल करू नका प्लीज!

आता माप. शिवून झालेला ब्लॉक १२ इंच असेल तर १२ गुणिले १.४१४ म्हणजे १६.९७, त्यात शिलाईचे सव्वा इंच, म्हणजे मोठा चौकोन १८¼. कोपऱ्यासाठी १२ भागिले १.४१४ म्हणजे ८.४९, अधिक ⅞, साधारण ९⅜. मी मात्र १९ आणि १० च कापते, जास्तीचं नंतर छाटता येतं, कमी पडलं तर काय करणार? आडवे ३ उभे ४ अशा मांडणीला १२ आणि त्यांच्या मधल्या जागांतले ६ धरून १८ ब्लॉक, कडेचे १० त्रिकोण (तीन मोठे चौकोन, दोन त्रिकोण उरतात) आणि कोपऱ्याचे ४ लागतात.

शिवायचं तिरक्या ओळींनी, इथे १, ३, ५, ५, ३, १ अशा ओळी होतात. त्रिकोणाचा काटकोन ब्लॉकच्या कोपऱ्याला बरोब्बर जुळवायचा आणि तोही क्विल्टच्या मधल्या बाजूला, टोकदार कान दुसरीकडे बाहेर लोंबू दे, नंतर कापायचा. आता जी कड शिवतोय ती उरेबच आहे, म्हणून कापायच्या आधीच कापडाला कडक स्टार्च, भरपूर टाचण्या, आणि इस्त्री ओढायची नाही, नुसती दाबून उचलायची. कोपरे सगळ्यात शेवटी.

आपल्या गोधडीत ही भानगडच नसते, ठिगळं खालच्या अख्ख्या कापडावर धावदोऱ्याने बसतात, ताणायला वावच नाही. (आजीला १.४१४ सांगितलं असतं तर हसली असती.)

छाटताना पट्टी ब्लॉकच्या टोकावर नाही, टोकाच्या बाहेर पाव इंच ठेवा. नाहीतर पायपिंग लावलं की टोकं त्यात गडप, आणि एवढी जुळवाजुळव केलेली ती टोकंच दिसत नाहीत.