पायाला पटेल असे वाह पेडल

माझे पहिले वाह पेडल, म्हणजे पायाने फळी हलवून गिटारच्या आवाजाचा रंग बदलणारे यंत्र, मी एका आवडत्या गिटारवादकाच्या नावावर भाळून घेतले होते. त्याच्या ध्वनिमुद्रणात जे पेडल बोलत असे, तेच माझ्या खोलीत, माझ्या हंबकर पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या, दोन गुंडाळ्यांच्या भागाच्या) गिटारवर आणि भरपूर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावलेल्या अँपमधून, म्हणजे ध्वनिवर्धकातून, वाजवले, की चवड्याकडच्या टोकाला कानात सुई टोचावी तसे टोचायचे आणि टाचेकडे आणले की आवाज गुदमरल्यासारखा व्हायचा. आठ महिने मी दोष माझ्या पायाला दिला आणि शेवटी ते विकून टाकले. पेडलात खोट नव्हती. ते स्वच्छ आवाजाच्या, सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीच्या, पिकअपच्या गिटारसाठी उत्तम होते आणि मी त्याच्याकडून भलतेच काम करून घेऊ पाहत होते. त्यानंतर मी जी काही वाह पेडले वापरली, उघडली आणि मैत्रिणींना निवडून दिली, त्या सर्वांत एकच क्रम पाळला: आपण वाजवतो काय आणि आपला पाय चालतो कसा हे आधी पाहायचे, पेडलावरचे नाव मागाहून.

हे यंत्र मुळात अगदी साधे आहे, आणि त्याचे काम समजले की निवड निम्मी सोपी होते. 1966 साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हे अभियंते व्हॉक्स अँपमधल्या मधल्या पट्टीच्या स्वरांना उठाव देणाऱ्या सर्किटवर काम करत होते. तिथे असलेल्या महागड्या, अनेक टप्प्यांच्या स्विचच्या जागी त्यांनी स्वस्त पॉट (व्हॉल्यूमच्या बटणासारखा फिरवायचा भाग) बसवून पाहिला, तेव्हा तो फिरवताना गिटार बोलू लागल्याचा भास झाला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलाच्या खोक्यात गेले आणि हाताचे काम पायाकडे आले. 1967 मध्ये बाजारात आलेल्या सुरुवातीच्या पेडलांवर क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचे नाव होते, कारण ट्रम्पेटच्या तोंडाशी झाकण उघडझाप करून काढलेल्या रडव्या आवाजाशी या आवाजाचे नाते होते. गिटारवादकांनी त्याचे पुढे काय केले हे जिमी हेंड्रिक्सच्या वादनात ऐकू येते.

आत घडते ते असे. सर्किट स्वरांच्या एका अरुंद पट्ट्याला उंच उचलते, म्हणजे आवाजाच्या पटलावर एक शिखर उभे करते, आणि पाय हलला की ते शिखर खालून वर सरकते. पारंपरिक पेडलांत हा प्रवास ढोबळमानाने 400 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि 2000 हर्ट्झच्या जवळपास संपतो. माणसाच्या तोंडातून ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत जाताना स्वराचा रंग ज्या भागात बदलतो तो बराचसा हाच भाग आहे, म्हणून पेडल बोलल्यासारखे वाटते. आपल्याकडे मोरचंग ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: पट्टी एकाच स्वरात कंप पावत राहते, वादक तोंडाची पोकळी बदलतो आणि त्या एका स्वरातले वेगवेगळे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे उपस्वर, पुढे येतात. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात दाबून काढलेल्या घसीटीशी काहीजण वाहची तुलना करतात, पण ती मला पटत नाही. डग्ग्यावर स्वर स्वतःच वर चढतो. वाहमध्ये स्वर जागच्या जागी असतो, बदलतो तो फक्त रंग.

निवड करताना मी सर्वांत जास्त वेळ तीन गोष्टींवर घालवते. पहिली म्हणजे पल्ला, अर्थात शिखर कुठून कुठपर्यंत जाते. दुसरी म्हणजे त्या शिखराचा टोकदारपणा, ज्याला पेडलांवर ‘क्यू’ असे लिहिलेले असते. शिखर अरुंद आणि उंच असेल तर आवाज नाकातून आल्यासारखा, धारदार होतो. रुंद असेल तर तो सौम्य राहतो आणि त्याच्या अवतीभवतीचे स्वरही टिकून राहतात. तिसरी गोष्ट कुणी फारशी विचारत नाही, पण पायाला तीच सर्वांत आधी कळते: फळी समान गतीने खाली गेली तरी शिखर समान गतीने सरकत नाही. काही पेडलांत बहुतेक बदल मधल्या एक-दोन बोटांच्या अंतरात होऊन जातो, काहींत तो टाचेपासून चवड्यापर्यंत पसरलेला असतो. हे पॉटच्या घडणीवर ठरते.

आता शैलीकडे येते. फंकच्या (तालप्रधान अमेरिकी संगीताच्या) पद्धतीने, आवाज दाबलेल्या तारांवर सोळा भागांची लय वाजवणाऱ्याच्या हातापेक्षा पायाची गती संथ असते. हात सोळा घाव करतो तेव्हा पाय बहुधा चार किंवा आठ वेळाच हलतो, आणि तो ठोक्याला इतका घट्ट बांधलेला असतो की वाह हे त्याच्यासाठी जवळजवळ तालवाद्य असते. 1971 मध्ये आयझॅक हेज यांच्या ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात चार्ल्स पिट्स यांनी वाजवलेली गिटार लावून, डोळे मिटून फक्त पायाकडे लक्ष दिले, तर हे लगेच जाणवते. अशा वादकाला बदल पसरून होणारा, पायाला हलके जाणारा आणि वरच्या टोकाला कर्कश न होणारा पेडल हवा. स्वच्छ आवाजात सर्किटची सुरसुर लपत नाही, म्हणून शांत सर्किट ही त्याची खरी गरज आहे.

ब्लूजच्या अंगाने सोलो वाजवणाऱ्याचा पाय ठोक्याशी बांधलेला नसतो, तो वाक्याबरोबर चालतो. तार ओढली की पाय हळूहळू पुढे जातो आणि स्वर सुटताना मागे येतो. इथे मला जुन्या व्हॉक्सच्या धाटणीची पेडले, ज्यांचा पल्ला थोडा आखूड आणि आवाज थोडा मऊ असतो, अधिक जवळची वाटतात. पल्ला मोठा असला की वाक्याच्या ऐन मध्यावर आवाज बारीक होतो आणि भावनेपेक्षा यंत्रच जास्त ऐकू येते. हे माझे मत आहे, आणि याच्या उलट मत बाळगणारे उत्तम वादक मला माहीत आहेत.

भरपूर डिस्टॉर्शनवर वाजवणाऱ्याची गोष्ट निराळी. बहुतेक जण वाह डिस्टॉर्शनच्या आधी ठेवतात. मग वाहचे शिखर डिस्टॉर्शनला ढकलते, त्यातून आणखी हार्मोनिक्स उगवतात आणि चवड्याकडचे टोक स्वच्छ आवाजात होते त्याच्या कितीतरी पट बोचरे होते. माझ्या पहिल्या पेडलाचे दुखणे नेमके हेच होते. शिवाय सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर 82 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे वाहच्या पल्ल्याच्या फार खाली, त्यामुळे जड रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरावटीचा तुकडा) वाजवताना पेडल चालू केले की आवाजाचे पोटच गेल्यासारखे वाटते. अशा वादकाने पल्ला आणि क्यू दोन्ही बदलता येतील असे पेडल घ्यावे. डनलॉपच्या क्राय बेबी मालिकेतील 535क्यू हे त्याचे सहज ओळखता येणारे उदाहरण आहे. पल्ला खाली आणायचा, क्यू थोडा रुंद करायचा, आणि तोच पाय, तीच गिटार माणसात येते. बास गिटार वाजवणाऱ्यांनी तर खालचे स्वर शाबूत ठेवणारे, बाससाठीच बनवलेले वाह घ्यावे.

काही वादक पेडल हलवतच नाहीत. मध्येच एखाद्या जागी फळी अडकवून ठेवतात आणि वाहचा उपयोग एका स्थिर रंगासाठी करतात. रॉक गिटारवादक मायकेल शेंकर यांचा तो ओळखीचा, नाकातला, पुढे झेपावणारा आवाज बराचसा याच पद्धतीतून आला. हे करायचे असेल तर फळी जिथे सोडू तिथे राहिली पाहिजे, तिचा ताठपणा कमीजास्त करता आला पाहिजे. पाय ठेवताच चालू होणारी आणि पाय काढताच स्प्रिंगने वर येऊन बंद होणारी पेडले, मॉर्ली कंपनीच्या काही पेडलांसारखी, इतर कामांना फार सोयीची असतात, पण या कामासाठी नाहीत.

स्विचबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत त्याने फरक पडतो. पारंपरिक वाहमध्ये चवडा पूर्ण खाली दाबून, वर आणखी जोर दिल्यावर खटका बसतो. दुकानात आपण बूट घालून, उभ्याने पेडल पारखतो. घरी मात्र बहुतेक जण अनवाणी, पलंगाच्या कडेवर किंवा खुर्चीत बसून वाजवतो. बसून दाबताना शरीराचे वजन पायावर येत नाही, आणि अनवाणी चवड्याला तो कडक स्विच दुखतो. म्हणून मी दुकानात चपला काढून, खुर्ची मागून घेऊन पेडल पारखते. फळीखालच्या नमद्याच्या गादीची जाडी आणि स्विचची उंची बदलून बराच फरक पडतो, आणि तो बदल पाना असलेल्या कुणालाही जमतो.

पेडल बंद असतानाचा आवाजही ऐकावाच. जुन्या रचनेत पेडल बंद केले तरी सर्किटचे तोंड गिटारला जोडलेले राहते आणि वरचे, चमकदार स्वर थोडे खाल्ले जातात. केबल थेट अँपमध्ये लावून एकदा आणि बंद पेडलातून एकदा, असे एकाच कॉर्डवर ऐकले की फरक लपत नाही. फझ (आवाज खरखरीत फाडणारे पेडल) वापरणाऱ्यांनी तर आपला फझ सोबत घेऊनच जावे. फझ फेस या जुन्या फझच्या जातीची सर्किटे आपल्या आधीच्या यंत्रावर इतका भार टाकतात की पारंपरिक वाह त्यांच्या आधी लावले तर त्याचा प्रवास जवळजवळ नाहीसा होतो, कधी शिट्टीही वाजते. यावर उपाय दोन: बाहेर पडताना बफर (पुढच्या यंत्राचा भार अडवणारा भाग) असलेले वाह घ्यावे, किंवा फझ आधी आणि वाह नंतर लावावे. दुसऱ्या उपायात आवाज अधिक रासवट, सिंथेसायझरच्या जवळचा होतो, आणि मला तो फार आवडतो.

सध्या माझ्याकडे आहे ते पेडल वापरलेले घेतले. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा पॉट खरखरू लागला, तेव्हा तळाचे चार स्क्रू काढून आत पाहिले. फळीला जोडलेली दातेरी पट्टी पॉटच्या छोट्या चक्राला फिरवते, एवढाच तो कारभार. पॉट साफ केला आणि हात लागलाच आहे म्हणून पट्टी सोडवून चक्र दोन दात मागे सरकवून बसवले. प्रवासाची सुरुवात खाली गेली आणि वरचे बोचरे टोक माझ्या पायाच्या टप्प्याबाहेर राहिले. आता टाच टेकली की गिटार ‘ऊ’ म्हणते, आणि चवडा पूर्ण दाबला तरी ‘आ’च्या पुढे जात नाही.